मूल शाळेत का येत नाही? : ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा शिक्षणविचार

१. प्रश्नाची मांडणी

एखाद्या शिक्षकाचे शिक्षणविषयक तत्त्वज्ञान त्याच्या लेखनातून जितके समजते, त्याहून अधिक ते एका व्यावहारिक प्रश्नाच्या उत्तरातून समजते: ज्या मुलाने वयानुसार शाळेत असायला हवे ते मूल शाळेत येत नसेल, तर उणीव कोणाची मानायची? ती मुलाची मानली की उपाय धाकदपटशाचे निघतात, पालकांची मानली की उपदेशाचे किंवा दंडाचे निघतात, आणि शाळेची मानली की मात्र शाळेची जागा, वेळ, साधने आणि शिक्षक या सगळ्यांचाच फेरविचार करावा लागतो. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे केलेले काम सामान्यतः त्याग, सेवा आणि वात्सल्य यांच्या भाषेत सांगितले जाते. ते वर्णन खोटे नसले तरी अपुरे आहे, कारण त्यामुळे या कामामागची विचारपद्धती झाकली जाते. मुलाची गैरहजेरी हा शाळेवरचा अभिप्राय आहे असे मानून त्याप्रमाणे शाळा बदलत नेणे, हा या दोघींच्या शिक्षणविचाराचा गाभा होय, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

हा विचार महाराष्ट्रात अचानक उगवला नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या व बक्षिसे असावीत, अभ्यासक्रमात शेती व आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान असावे आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातूनच तयार व्हावेत, असेही त्यांनी सुचविले. या मागण्यांत दोन सूत्रे एकत्र गुंफलेली होती: एक राज्यसंस्थेने सक्ती करण्याचे, दुसरे शाळेने आपले रूप बदलण्याचे. पुढील काळात पहिले सूत्र अधिक वेगाने पुढे गेले. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ मध्ये तो संपूर्ण बडोदा संस्थानात लागू केला आणि शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेऊन मुले न पाठविणाऱ्या पालकांना दंडाची तरतूद केली. या निर्णयांचे मोल मोठे आहे. परंतु कायदा पालकाला हुकूम करू शकतो, मुलाला वर्गात रमवू शकत नाही. त्यामुळे दुसरे सूत्र पुढे नेण्याचे काम शिक्षकांवर येऊन पडले.

२. रोम, भावनगर आणि दादर

ताराबाईंच्या विचाराची जडणघडण तीन टप्प्यांत झाली आणि त्यांतील पहिला टप्पा मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा आहे. व्यवसायाने डॉक्टर असलेल्या माँटेसरींनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत आपले पहिले ‘बालगृह’ सुरू केले. त्यांच्या पद्धतीचे तीन आधार येथे लक्षात घ्यावे लागतात. पहिला आधार इंद्रियशिक्षणाचा: आकार, वजन, रंग, स्पर्श आणि ध्वनी यांतील फरक हाताळून ओळखण्याच्या सरावातून लहान मुलाची बुद्धी घडते, हे तत्त्व. दुसरा आधार सिद्ध वातावरणाचा, म्हणजे मुलाच्या उंचीला व शक्तीला साजेशा वस्तू त्याच्या हाताशी ठेवून त्याला काम निवडण्याची मोकळीक देण्याचा. तिसरा आधार साधनांच्या स्वयंशोधकतेचा, म्हणजे लाकडी खाचेत चुकीचा दट्ट्या बसत नाही तेव्हा चूक झाल्याचे शिक्षकाने न सांगताच मुलाला कळावे, या योजनेचा.

भारतात या पद्धतीचे एक समर्थ रूपांतर गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी केले. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाईंनी १९२० मध्ये भावनगर येथील दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. माँटेसरींना परीकथांविषयी जी साशंकता होती ती बाजूला ठेवून त्यांनी गोष्ट, गाणे व नाट्य यांना बालशिक्षणात मानाचे स्थान दिले. राजकोटच्या अध्यापिका-प्रशिक्षण संस्थेतील काम सोडून ताराबाई त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, १९३३ पासून ताराबाईंच्या संपादनाखाली ‘शिक्षणपत्रिका’ मराठीतून निघू लागली आणि १९३६ मध्ये मुंबईत दादरला ‘शिशुविहार’ उभे राहिले. शिशुविहाराने मध्यमवर्गीय मराठी व गुजराती कुटुंबांत एक महत्त्वाचा पालट घडविला. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ मनुष्य नव्हे, त्याच्या वाढीला स्वतःचे नियम आहेत आणि मारणे, भीती घालणे किंवा लालूच दाखविणे हे त्या नियमांच्या विरुद्ध आहे, ही गोष्ट तेथे प्रत्यक्ष दाखविली गेली.

मात्र याच यशातून एक विसंगती पुढे आली. रोममध्ये ही पद्धत गरिबांच्या चाळीत जन्मली होती. ज्या इमारतीत आईबाप राहत त्याच इमारतीत बालगृहाची खोली होती आणि आईबाप कामावर गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांची सोय हेच तिचे निमित्त होते. भारतात येईपर्यंत हीच पद्धत महागडी साधने, प्रशिक्षित शिक्षिका आणि फी यांच्याशी जोडली जाऊन शहरी सुखवस्तू घरांपुरती उरली. ज्या वर्गासाठी ती निर्माण झाली त्याच वर्गापासून ती दुरावली होती. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी दादरची स्थिरावलेली संस्था सोडून ताराबाई खेड्याकडे गेल्या, त्या निर्णयाचा वैचारिक अर्थ या पार्श्वभूमीवर लागतो. गांधीजींच्या नई तालीमच्या चळवळीतही याच सुमारास सात वर्षांखालील मुलांच्या, म्हणजे पूर्वबुनियादी, शिक्षणाचा विचार सुरू झाला होता आणि स्वस्त, स्थानिक व श्रमाशी नाते सांगणारे बालशिक्षण कसे असावे, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी एकाच वेळी विचारला जात होता.

३. बोर्डी : अंगणात गेलेली शाळा

डिसेंबर १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. पुण्यातील मुलींच्या शाळेतील नोकरी सोडून अनुताई वाघ या कामात सामील झाल्या. बालवयात विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या अनुताईंनी जिद्दीने शिक्षण पुरे केले होते आणि त्यानंतरचे जवळजवळ अर्धशतक त्यांनी याच परिसराला दिले.

गावात चांगली बालवाडी उघडली की मुले येतील, हे पहिले गृहीत लवकरच कोसळले. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. त्यामागे अंतर होते, गावातील जातिव्यवस्थेने घातलेला संकोच होता, आईवडील भल्या सकाळी मजुरीला जात असल्याने मुलांना तयार करून पाठविणारे घरी कोणी नव्हते आणि थोड्या मोठ्या मुलींच्या कडेवर धाकटी भावंडे होती. अशा वेळी पालकांना जाग नाही असा निष्कर्ष काढून थांबणे सोपे होते. ताराबाईंनी त्याऐवजी शाळेलाच हलविले: शिक्षिकेने वस्तीत जावे, घरापुढच्या मोकळ्या जागेत मुले गोळा करावीत आणि तेथेच बालवाडी भरवावी, अशी व्यवस्था झाली. मध्यवर्ती बालवाडी आणि वस्तीतील अंगणवाडी असे दोन प्रकार त्यातून तयार झाले आणि दुसऱ्या प्रकाराचे नाव पुढे देशभर गेले.

या बदलातील सर्वांत लक्षणीय भाग स्वच्छतेचा आहे. रोममधील पहिल्या बालगृहाच्या नियमावलीत न धुतलेल्या अंगाने किंवा मळक्या कपड्यांत येणाऱ्या मुलाला काढून टाकण्याची तरतूद होती. स्वच्छता ही तेथे प्रवेशाची अट होती आणि ती पुरी करण्याची जबाबदारी आईची होती. बोर्डीच्या अंगणवाडीत मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे आणि खरजेवर औषध लावणे यांपासूनच शाळेचा दिवस सुरू होई. जी गोष्ट एका ठिकाणी शाळेत येण्यापूर्वीची पात्रता होती, ती दुसऱ्या ठिकाणी शाळेचा पहिला पाठ झाली. हा फरक वरवर पाहता छोटा वाटतो, परंतु पात्रता मागणारी शाळा काही मुलांना दारातच वगळते, तर तीच गोष्ट शिकविणारी शाळा मुलाला त्याच्या आहे त्या स्थितीत स्वीकारून पुढे नेते. माँटेसरींच्या तत्त्वाचा आशय येथे त्यांच्याच एका नियमाच्या विरुद्ध जाऊन अधिक प्रामाणिकपणे पाळला गेला.

साधनांच्या बाबतीतही असाच फेरविचार झाला. कारखान्यातून काटेकोर मापाने बनून येणाऱ्या पेट्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने, फुले, खडे, माती आणि बांबू आले. या बदलाकडे केवळ काटकसर म्हणून पाहणे चुकीचे ठरेल, कारण त्यात काही मिळाले तसे काही गमावलेही. चिंचोके आणि शिंपले यांना नेमके माप नसते. त्यामुळे साधनानेच चूक दाखवावी, हा माँटेसरी साधनांचा गुण त्यांत कमी पडतो आणि ती जबाबदारी शिक्षिकेच्या नजरेवर किंवा शेजारी बसलेल्या मुलांवर येते. त्याच्या बदल्यात मुलाच्या ओळखीची वस्तू ज्ञानाचे साधन होते, वर्गीकरणाचे शंभर नवे मार्ग उघडतात आणि शाळा सुटल्यावर ते साधन मुलाच्या जगातून नाहीसे होत नाही. स्थानिक साधनांच्या अंगणवाडीत शिक्षिकेची गुणवत्ता अधिक निर्णायक ठरते, हा या अदलाबदलीचा अटळ परिणाम होता आणि म्हणूनच बालसेविकांचे प्रशिक्षण हे या कामाचे तितकेच महत्त्वाचे अंग झाले.

४. कोसबाड : मुलाचा दिवस आणि शाळेची वेळ

१९५६-५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्तीत गेले. हा परिसर इतिहासशून्य नव्हता. गोदावरी परुळेकर आणि किसान सभा यांच्या नेतृत्वाखाली १९४५ पासून वारल्यांनी वेठबिगारी आणि लग्नगडी या प्रथांविरुद्ध लढा दिला होता. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सावकाराकडे किंवा जमीनदाराकडे राबत राहणारा माणूस. वेठ संपविण्याचा लढा राजकीय होता. तो लढलेल्या आईबापांच्या मुलांना अक्षरांपर्यंत कसे न्यावे, हा त्याच भूमीवरचा पुढचा प्रश्न होता.

बोर्डीत अडचण मुख्यतः जागेची होती, कोसबाडला ती वेळेची निघाली. मुलगे दिवसभर गुरे राखत, मुली भावंडे सांभाळत. दोघांचेही काम घराच्या पोटापाण्याशी बांधलेले होते आणि अकरा ते पाचची शाळा नेमकी त्या कामाच्या वेळेवर येत होती. येथे दोन उपाय काढण्यात आले. गुराख्यांसाठी कुरणशाळा सुरू झाली, म्हणजे गुरे जेथे चरतात तेथे शिक्षकाने साहित्य घेऊन जावे आणि गुरांवर लक्ष ठेवता ठेवता मुलांनी शिकावे. मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी उभी राहिली. धाकटे भावंड पाळणाघरात ठेवता आले की मोठी बहीण वर्गात बसू शकते, इतके हे गणित सरळ होते. मुलींच्या गळतीचे कारण मुलींच्या बुद्धीत किंवा पालकांच्या मनोवृत्तीत शोधण्याऐवजी ते त्यांच्या कडेवर शोधणे, ही या विचाराची खास दृष्टी होय. दिवसा अजिबात सवड नसलेल्यांसाठी रात्रीची शाळा होती.

शिकण्याची सामग्रीही याच परिसरातून आली. घराच्या कुडावर तांदळाच्या पिठाने चित्रे काढणाऱ्या समाजातील मुलांना रेषा, वर्तुळ व त्रिकोण यांची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. झाडे, पक्षी, माती आणि ऋतू यांविषयीचे त्यांचे ज्ञान शहरी मुलाहून पुष्कळ अधिक असते. या ज्ञानाला शाळेत मोल मिळाले तर मूल वर्गात काही घेऊन येणारे ठरते, न मिळाले तर तेच मूल केवळ प्रमाण मराठी न येणारे म्हणून मागास ठरते. अनुताईंनी गाणी, गोष्टी व खेळ यांना जे महत्त्व दिले त्याचा उद्देश मनोरंजनापुरता नव्हता. मुलाच्या बोलीतून शाळेच्या भाषेपर्यंत जाण्याची पायवाट त्यांतून तयार होत होती.

येथवरच्या विवेचनातून या शिक्षणविचाराची पद्धत स्पष्ट होते. आधी मुलाचा सबंध दिवस पाहायचा, तो कोणाच्या श्रमावर आणि कोणाच्या गरजांवर उभा आहे हे समजून घ्यायचे, त्या दिवसात शिकण्याला जागा कोठे आहे ते शोधायचे आणि मग अभ्यासक्रम, साधन व वेळापत्रक ठरवायचे. प्रचलित व्यवस्थेत हा क्रम बरोबर उलटा असतो. अभ्यासक्रम आधी ठरतो, वेळापत्रक त्यामागून येते आणि मुलाचा दिवस त्यात बसला नाही तर मूल ‘शाळाबाह्य’ म्हणून नोंदले जाते.

५. तीन आक्षेप

कोणत्याही विचाराची परीक्षा त्यावरील आक्षेपांनी होते. पहिला आक्षेप असा की दलित वस्तीत वेगळी अंगणवाडी भरविल्याने गावातील मध्यवर्ती बालवाडी जशी होती तशीच राहते आणि जातींचे अंतर शाळेत प्रतिबिंबित होते. हा आक्षेप गंभीर आहे. १९४५ या वर्षीच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना करून उच्च शिक्षणाचे दार उघडण्यावर भर दिला. वंचितांना वेगळी व कमी प्रतीची सोय नको, सर्वोच्च शिक्षणात समान स्थान हवे, ही त्यामागची भूमिका होती. अंगणवाडी ही मुलाला शाळेपर्यंत आणणारी पहिली पायरी असेल तर तिचे समर्थन करता येते, परंतु ती शेवटची पायरी ठरली तर ती विषमतेचीच सोय होते. वेगळ्या सुरुवातीचे समर्थन पुढच्या समान वाटचालीवर अवलंबून असते, ही मर्यादा मान्य करूनच या प्रयोगाचा गौरव करावा लागतो.

दुसरा आक्षेप कुरणशाळेसंबंधी आहे. गुरे राखता राखता शिकविणे म्हणजे बालश्रमाला मान्यता देणे नव्हे काय? सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या कायद्याच्या दृष्टीने आज कुरणशाळा पुरेशी म्हणता येणार नाही. तथापि कुटुंबाच्या उत्पन्नाची पर्यायी सोय नसताना पूर्ण दिवसाच्या शाळेचा आग्रह धरणे म्हणजे प्रत्यक्षात त्या मुलाला काहीच न देणे होते. कुरणशाळेला तडजोड म्हणणे योग्य आहे. मात्र ही तडजोड शिक्षकाने स्वतःच्या सोयीत केली, मुलाच्या हक्कात नव्हे, हा भेद विसरता कामा नये. जमिनीची, मजुरीची आणि भुकेची व्यवस्था बदलणे हे एकट्या शिक्षकाच्या आवाक्यातील काम नाही आणि तसा दावा या दोघींच्या कार्याच्या नावाने करणे अन्यायाचे होईल.

तिसरा आक्षेप व्यक्तिनिष्ठतेचा आहे: असे काम असामान्य माणसांनाच जमते, म्हणून ते धोरणाचा आधार होऊ शकत नाही, असे म्हटले जाते. त्याला उत्तर या प्रयोगाच्या इतिहासातच आहे, कारण स्थानिक बायकांना बालसेविका म्हणून तयार करण्यावर त्यात सुरुवातीपासून भर होता. अर्थात पद्धत हस्तांतरित होते तेव्हा तिच्यामागचा प्रश्नही हस्तांतरित झाला पाहिजे, ही अट मात्र सोपी नाही.

६. नाव टिकले, प्रश्न मागे पडला

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली आणि तिच्या गावपातळीवरील केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, पोषण व आरोग्यशिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा या केंद्रांतून द्यावयाच्या होत्या. कुपोषणाशी लढताना या योजनेने केलेले काम नाकारण्याजोगे नाही. परंतु आहार, वजने, नोंदवह्या आणि सर्वेक्षणे यांचा भार एका मानधनी सेविकेवर पडत गेला आणि सहा सेवांपैकी शिक्षणाची सेवा सर्वांत दुबळी राहिली. किती मुलांना खाऊ मिळाला हे मोजता येते. मुलाने आज काय निवडले, कशात रमले आणि कोठे अडले हे मोजण्याचा रकाना नोंदवहीत नसतो आणि ज्याला रकाना नाही त्याकडे व्यवस्था दुर्लक्ष करते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयोगटाला शिक्षणाचा पायाभूत टप्पा म्हणून मान्यता दिली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र या मान्यतेचा अर्थ लहान मुलांवर लेखन-वाचनाचा बोजा लवकर टाकणे असा घेतला गेला, तर गिजुभाई आणि ताराबाई यांनी ज्याविरुद्ध आयुष्य वेचले तेच धोरणाच्या नावाने परत येईल.

याउलट, बोर्डी-कोसबाडचा प्रश्न ज्यांनी उचलला त्यांनी नवे रूप शोधून काढले. ठाणे जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर कुटुंबासह येणाऱ्या आदिवासी मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने चालविलेल्या भोंगाशाळा आणि ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठी साखर कारखान्यांच्या परिसरात भरलेल्या साखरशाळा, ही त्याची महाराष्ट्रातील उदाहरणे होत. दिवाळीनंतर बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबाबरोबर मूल जाते तेव्हा गावच्या हजेरीपटात ते गैरहजर असते आणि कारखान्याच्या गावातील हजेरीपटात त्याचे नावच नसते. अशा मुलासाठी हंगामी वसतिगृह बरे की फडाजवळची शाळा बरी, याविषयी मतभेद असू शकतात, परंतु दोन्ही उपाय मुलाच्या वर्षाचा नकाशा आधी पाहतात आणि याच अर्थाने ते कोसबाडचे वारस आहेत.

७. समारोप

या विवेचनाचा निष्कर्ष शिक्षक-प्रशिक्षणाशी निगडित आहे. डी.एड. व बी.एड. च्या अभ्यासक्रमांत माँटेसरी, गिजुभाई आणि ताराबाई यांची नावे परीक्षेतील टिपांपुरती उरली आहेत. त्यांचे विचार पाठ करून घेतले जातात, त्यांची पद्धत मात्र करवून घेतली जात नाही. भावी शिक्षकाला प्रत्येक सराव-शाळेत एक काम आवर्जून द्यावे: सर्वांत अधिक गैरहजर राहणाऱ्या एका मुलाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस समजून घेणे आणि त्या दिवसाकडे पाहून शाळेने आपल्यात करावयाचा एक बदल लेखी सुचविणे. त्या बदलाला पैसा लागेल किंवा लागणार नाही, तो मुख्याध्यापकांना पटेल किंवा पटणार नाही. पण तो सुचविताना गैरहजेरीचे कारण शोधण्याची नजर शिक्षकाला लाभेल. हजेरीपट हा मुलांच्या शिस्तीचा दाखला म्हणून वाचण्याऐवजी शाळेच्या कामाचा अहवाल म्हणून वाचला गेला, तर ताराबाई आणि अनुताई यांच्या नावाने पुरस्कार आणि पुतळे यांपेक्षा अधिक उपयुक्त असे स्मारक उभे राहील आणि ते प्रत्येक शाळेला स्वतःच्या बळावर उभारता येण्याजोगे असेल.